कापलेली डावी कड

४ फेब्रुवारी

महाराणीला हाकललं! महाराणी म्हणजे दर महिन्याला भाडं मागणारं ते फोटोचं सॉफ्टवेअर — ह्याचं, माझ्या नवऱ्याचं, लाडकं. बंद करताना तिने काय काय विचारलं! 'नक्की ना?' 'पुन्हा विचार करा.' 'आम्हाला तुमची आठवण येईल.' माझी एवढी मनधरणी ह्या घरात कधी कुणी केली नव्हती. प्रत्येक वेळी 'हो' दाबलं.

हा शेजारीच होता, चाकाच्या खुर्चीत. मुद्दाम आणून बसवला होता. 'अंऽऽ अंऽऽ' केलं त्याने. अर्धांगाचा झटका आल्यापासून एवढाच आवाज उरलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, 'डोकं शाबूत आहे. सगळं समजतं त्यांना, फक्त बोलता येत नाही.' त्यांना वाटलं मी रडेन. मी मनात म्हटलं, उत्तम! असंच हवं.

एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे. 'दारातली माणसं' — ह्याची गाजलेली फोटोंची मालिका. शिंपीण, घड्याळवाला, चाव्या बनवणारा, आपापल्या दारात उभे. ह्या वेळी गॅलरीवाल्या बाईंना भिंतभर मोठे प्रिंट हवेत, आणि जुन्या तयार फाइली तेवढ्या मोठ्या होत नाहीत. म्हणजे मूळ कच्च्या फाइली काढून सगळं पहिल्यापासून करायचं. करणार कोण? बाई फोनवर म्हणाल्या, 'कुणी जाणकार बघूया का? म्हणजे, तुम्हाला यातलं…' वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. गरज नव्हती. ते वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, शेवटपर्यंत पाठ आहे.

म्हटलं, मी करते.

७ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर निवडायचा कार्यक्रम. ह्याच्या खोलीत बसून! राखाडी भिंती, काळा पडदा, मोठा मॉनिटर. आजवर मला इथे फक्त फरशी पुसायला परवानगी होती, तीही 'टेबलाला हात लावू नको' ह्या अटीवर. आज टेबलावर माझा चहाचा कप ठेवला. मुद्दाम बशीशिवाय.

तीन डाउनलोड केली.

पहिलं — साहेब. घसघशीत किमतीचं, महिनाभर वापरून बघायला फुकट. रंग सुरेख देतं, कातडी कातडीसारखी दिसते. पण उघडायला इतका वेळ लावतं की आपणच त्याला झोपेतून उठवल्याची माफी मागावीशी वाटते. असला एक मी घरात पाळलाय, दुसरा नको.

दुसरं — गोडबोले. एक बटण दाबलं की 'जादू'. आकाश आपोआप निळं, म्हातारा आपोआप तरुण. जुन्या तयार फाइलीतल्या चाव्यावाल्याच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या, टूथपेस्टच्या जाहिरातीत उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. ह्याला खुर्चीसकट पुढे ओढून दाखवलं. ह्याने मान फिरवली. मी खुर्ची फिरवली.

तिसरं — फुकट्या. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणाच्याही मालकीचं नाही. दिसायला गॅरेजसारखं. जिकडे बघावं तिकडे बटणं, आणि निम्म्यांचा उपयोग बनवणाऱ्यांनाही माहीत नसावा. सुरू केल्या केल्या बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद!

फुकट्या निवडला.

का? हा फोटोग्राफीचे वर्ग घ्यायचा तेव्हा एकदा म्हणाला होता, 'फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फोटो काढूच नयेत, गाणी ऐकावीत.' सगळी पोरं खिदळली. मी कप गोळा करत होते, मीही हसले. कशाला हसले, देव जाणे.

८ फेब्रुवारी

फुकट्या आज सात्त्विक संतापाने बंद पडला. माझंही तसंच झालं.

१२ फेब्रुवारी

जमायला लागलंय! कच्ची फाइल म्हणजे कॅमेऱ्याने बघितलेलं सगळं, न शिजवता. उघडली की फिक्की, मेल्यासारखी. मग उजेडाची दांडी थोडी सरकवायची, सावल्या उचलायच्या, पांढरा कुठला ते सांगायचं. पांढऱ्याचं तर नवलच आहे. फोटोतल्या एखाद्या पांढऱ्या वस्तूवर टिचकी मारली की बाकीचे सगळे रंग निमूट आपापल्या जागेवर येतात. चुकीच्या जागी मारली की सगळं बिघडतं.

मग मी मुद्दाम चुकीच्या जागी मारली. न्हाव्याचा फोटो — ह्याचा सगळ्यात लाडका, परदेशातल्या कुठल्याशा पुस्तकात छापून आलेला. न्हावी हिरवागार झाला. मग दांडी शेवटपर्यंत ओढून जांभळा केला. मग कडांना इतकी धार लावली की बिचाऱ्याची दाढी काट्यांसारखी उभी राहिली. हा 'अंऽऽ अंऽऽ' करत होता, डावा हात खुर्चीच्या हातावर आपटत होता. डावा हात चांगला चालतो. म्हणून माउस मी उजवीकडे ठेवलाय.

म्हटलं, 'काय रे, छान झालाय ना? आवडला असेल तर काही बोलू नकोस.'

बोलला नाही.

अर्थात नंतर नीट केला. मी काही वेडी नाही. पण तो एक तास! इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाहीये.

१५ फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा येतात. तरुण, उत्साही, ओठांचा चंबू करून 'आऽऽ' म्हणतात आणि ह्यालाही म्हणायला लावतात. हा फक्त 'अं'. एवढा नावाजलेला माणूस, सभा गाजवणारा, आणि एका 'आ'पाशी अडलाय. मी दाराशी उभी राहून बघत होते. हसू आवरेना म्हणून स्वयंपाकघरात गेले.

जाताना बाई म्हणाल्या, 'हो-नाहीसाठी मान छान हलवतात आता. तुमच्याशीही हलवत असतील ना?'

माझ्याशी? एकदाही नाही. मला त्याने आजवर एक होकारसुद्धा दिलेला नाही.

'घरात त्यांच्याशी सतत बोलत राहा हं,' म्हणाल्या.

ते करतेच आहे.

२० फेब्रुवारी

लेक आली होती दोन दिवस. कॉलेजची सुट्टी. मी ह्याला भात भरवत होते आणि म्हटलं, 'गीळ की रे लवकर.' ती दारातच थबकली.

'आई! तू बाबांना अरे-तुरे करतेस?'

'हो.'

'कधीपासून?'

'उत्तर देणं बंद झालं तेव्हापासून. अहो म्हणून हाक मारायची ती ओ यावी म्हणून ना?'

ती रडायला लागली. बापाची लाडकी. म्हणाली, 'ते कलावंत आहेत गं, तुला कधी समजलेच नाहीत.' मी म्हटलं, 'अगं, मी त्यांना धुतेय, पुसतेय, अजून किती समजून घेऊ?' मग ती त्याच्या खोलीत जाऊन त्याचा हात धरून बसली. माउस डावीकडे ठेवून गेली. ती बसस्टॉपवर पोचायच्या आत मी तो उजवीकडे आणला.

२६ फेब्रुवारी

आज नीट लिहिते.

आतापर्यंत मी ह्याने अलीकडे काढलेल्या सुट्या फोटोंवर हात बसवत होते. न्हावीही त्यातलाच, ह्याने एकट्याने काढलेला. आज मूळ मालिकेची डिस्क उघडली. शिंपीणबाई. आणि फोटो चुकीचाच दिसला. रुंद! शिंपीणबाई मधोमध नाही, उजवीकडे उभी. आणि डाव्या कडेला कुणीतरी बाई, दोन्ही हातांनी चंदेरी पत्रा धरून, उजेड शिंपिणीच्या चेहऱ्यावर पाडत उभी.

मी.

आधी वाटलं फुकट्याने काहीतरी गोंधळ घातला. दुसरा उघडला. मी. तिसरा. मी. चाव्यावाला, घड्याळवाला, ती गाद्या पिंजणारी म्हातारी — प्रत्येकाच्या डावीकडे मी.

मग उमगलं. कच्ची फाइल कधी बदलतच नाही. आपण जे कापतो, रंगवतो, ती फक्त सूचना असते, आणि ती सूचना ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरपाशी राहते. ह्याने सगळी कापाकापी महाराणीत केली होती. ती गेली, तिच्या पोटातलं तिच्याबरोबर गेलं. फुकट्याला त्याची गंधवार्ता नाही. त्याने आपलं कॅमेऱ्याने बघितलेलं सगळं भाबडेपणाने समोर मांडलं.

मला वाटायचं मी चौकटीत नव्हतेच! उजेड जवळून पडायला हवा म्हणून मला माणसाच्या अगदी लगत उभं करायचा. मी विचारायचे, 'अहो, मी येतेय का मध्ये?' हा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचा, 'नाही येत. हलू नको.' येत होते. प्रत्येक फोटोत येत होते. घरी येऊन, ह्या खोलीचं दार लावून, हा मला कापत होता.

२७ फेब्रुवारी

दिवसभर तेच बघतेय. स्वयंपाक केला नाही. दूध-पाव.

एकात माझं पोट पुढे आलेलं, सातवा महिना असेल. हात वर, पत्रा डोक्याच्या वर, पाय सुजलेले चपलेबाहेर. एकात वाऱ्याने केस तोंडावर, पण हात सोडला नाही मी. आणि एकात माझे डोळे सुजून लाल. तो दिवस मला पक्का आठवतो. माझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हा म्हणाला होता, 'असा उजेड पुन्हा मिळायचा नाही, तासाभराचं काम आहे.' मी गेले. घड्याळवाल्याने मला विचारलंही, 'बाई, बरं नाही का?' हे कुणालाच माहीत नाही. आता फाइलीला माहीत आहे.

पण खरी गंमत वेगळीच. ह्याच्या फोटोंवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. का, तर त्यातली माणसं 'चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी' बघतात. 'दूरस्थ, कोमल नजर.' 'अज्ञाताची ओढ.' एकाने तर त्यावर पदवी मिळवली! अरे, कसलं अज्ञात! माझ्याकडे बघताहेत ती! हा कॅमेऱ्यामागे कपाळाला आठ्या घालून उभा असायचा, माणसं बिचारी ताठून जायची. मग मी पत्रा धरल्या धरल्या काहीबाही बोलायचे — घड्याळवाल्याला 'तुमचं स्वतःचं घड्याळ बंद आहे' म्हटलं, शिंपिणीला तिच्या नातवाचं विचारलं. तेव्हा ती सैल व्हायची, हसायची. आणि हा 'खट्' करायचा.

ती नजर माझी होती. मी कमावलेली.

मला राग आलाय. असा राग की दात दुखताहेत.

२८ फेब्रुवारी

ह्याला समोर बसवलं. एकेक फोटो, मॉनिटरभर. पहिल्या फोटोला 'अं' केलं. तिसऱ्याला मान फिरवली. मी खुर्ची फिरवून ब्रेक लावला. मग त्याने डोळे मिटले.

म्हटलं, 'मीट. डोळे मिटायला तरी येतात तुला. मला हात वर धरून तेही जमलं नव्हतं.'

सगळे फोटो संपेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. मी एकही फोटो गाळला नाही.

५ मार्च

ठरलं. कापायचं नाही. सगळे फोटो पूर्ण, माझ्यासकट. भिंतभर! ह्याच्या नाकावर टिच्चून. ह्याचे ते सगळे रसिक येतील आणि बघतील की अज्ञाताने सुती साडी नेसली होती.

काम करतेय जीव तोडून. शिंपिणीच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू आणला. माझ्या बाजूची सावली उचलली, थोडीच. उगाच गोरं नाही केलं स्वतःला. फुकट्याशी आता माझं चांगलं जमतं. बंद पडायच्या आधी तो जरा अडखळतो, तेवढ्यात मी काम जपून ठेवते.

एक खरं लिहिते. मला हे आवडतं. राग बाजूला ठेवून आवडतं. फिक्क्या फाइलीतून चेहरा वर येतो तेव्हा श्वास थांबतो माझा. हे मला इतकी वर्षं मिळालं असतं.

११ मार्च

नमुन्याचे फोटो पाठवले होते. गॅलरीवाल्या बाई आज धावत आल्या. उंच, खणखणीत बोलणाऱ्या, गळ्यात जाडजूड माळ. डोळे भरून आलेले. मला वाटलं, आता विचारतील. मी वाक्य तयार ठेवलं होतं — 'हा निर्णय माझा आहे, आणि खाली माझं नाव हवं.'

मी चहा टाकायला आत गेले. दारातून दिसत होतं. बाई खुर्चीपुढे गुडघ्यावर बसल्या, ह्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'सर, हे… हे तुमच्याच मनात आलं ना? त्यांना पुन्हा चौकटीत आणायचं?'

ह्याने मान हलवली.

हो!

सावकाश, स्पष्ट, दोनदा. आणि मान हलवताना बघत होता माझ्याकडे. बाईंच्या खांद्यावरून, थेट माझ्याकडे. त्या डोळ्यांत गोंधळ नव्हता, आजार नव्हता. तो माझाच नवरा होता, पूर्वीचा, अख्खा.

चहा उतू गेला.

बाईंना सांगितलं — अहो, त्यांना माहीतही नव्हतं, हे मी केलंय, एकटीने. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. 'हो ना, किती मदत करताय तुम्ही!'

१९ मार्च

माहितीपत्रक आलं छापून. 'वाचा हरपलेल्या कलावंताने उच्चारलेलं सर्वात मोठं वाक्य.' 'आपल्याच कीर्तीची चौकट मोडण्याचं धाडस.' 'सहचारिणीचं ऋण फेडणारा पुरुष.' शेवटी, पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत — 'तांत्रिक साहाय्य : पत्नी'.

पत्नी! नाव नाही मला?

फोन केला. गॅलरीवाल्या बाई मनापासून हसल्या. 'अहो, नाव कशाला हवं, तुम्ही तर प्रत्येक फोटोत आहात!'

फोन ठेवला आणि त्याच्या खोलीत गेले. हा झोपला होता. तोंड उघडं, लाळ गळत होती. उशी हातात घेतली. मग त्याच्या मानेखाली सरकवली आणि बाहेर आले. एवढंच केलं. पण हातात घेतली होती, हे इथे तरी लिहायला हवं.

२३ मार्च

शिकवणाऱ्या बाई खूष आहेत. ह्याने 'आ' म्हटलं. 'बा' म्हटलं. 'आता रस्ता मोकळा झाला,' म्हणाल्या. 'एखादा शब्द कधीही येईल. बहुतेक अचानक येतो, रोजच्या सवयीतला.'

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, 'प्रदर्शन होईपर्यंत नका येऊ. थकतात ते.'

थकत नाही. वाट बघत असतो. त्या यायच्या दिवशी डाव्या हाताने स्वतःचे केस नीट करतो.

मला त्याचा आवाज नकोय. साधी गोष्ट आहे. मान हलवून त्याने माझं सगळं काम घशात घातलं, उद्या तोंड उघडलं तर काय उरेल माझं?

३० मार्च

ह्याने आज खुर्ची स्वतः ढकलत ढकलत दारापर्यंत आणली आणि शिकवणाऱ्या बाईंच्या वेळेला तिथे बसून राहिला. अंधार पडेपर्यंत. मी समोर भाजी निवडत होते. विचारलं, 'कुणाची वाट बघतोयस?' मग भाजी उचलून आत गेले.

२ एप्रिल

लेकीला कळलं. शिकवणाऱ्या बाईंनीच तिला फोन करून विचारलं, बाबा कसे आहेत. मग काय! 'तू राक्षसीण आहेस, आई.' एवढं ऐकवलं. मी म्हटलं, 'तुझ्या वेळी सातव्या महिन्यात मला उन्हात उभी करून तुझ्या बापाने काढलेला फोटो पाठवते, बघ.' पाठवला. तिने बघितला. बऱ्याच वेळाने एवढंच लिहिलं — 'बाईंना मी पुन्हा बोलावलंय. उद्यापासून येतील.'



१२ एप्रिल

प्रिंट आले. कागदाचा वास, शाईचा वास. शिंपीणबाई माझ्याहून उंच! मी एकटीच गॅलरीत उभी होते. फोटोतली मीसुद्धा माझ्याहून उंच.

रडले. बराच वेळ. आनंदाने आणि कशाकशाने.

२० एप्रिल

उद्घाटन! काय सांगू!

गर्दी होती. ह्याला नवीन सदरा घालून खुर्चीत मधोमध ठेवलं होतं, लोक येऊन त्याच्या पाया पडत होते, हा संतासारखा मान डोलावत होता. मी कोपऱ्यात, पाण्याच्या ग्लासांजवळ. भाषण झालं, 'ऋण' शब्द किती वेळा आला, देव जाणे.

आणि मग शिंपीणबाई आली! खरी. म्हातारी झालीय, नातवाचा हात धरून. सरळ आपल्या फोटोपुढे गेली, बघितलं, मग गर्दीत शोधत शोधत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हनुवटीला हात लावला. 'अगं बाई, तूच ती! किती हसवलंस त्या दिवशी मला. हाच गं तो नातू, ज्याचं तू विचारत होतीस.'

सगळे वळून बघायला लागले. गॅलरीवाल्या बाई पुढे झाल्या, 'आजी, आणि हे आमचे सर.'

शिंपिणीने ह्याला खालून वर बघितलं. म्हणाली, 'हे कोण? मला नाही आठवत.'

हशा पिकला! खरा, मोठा हशा. ह्याची मान डोलायची थांबली. मग लोक फोटोंकडे पुन्हा गेले, आणि मला दिसत होतं, ह्या वेळी सगळे डाव्या कडेला बघत होते. एका मासिकवालीने मला विचारलं, 'फोटोतल्या माणसांशी तुम्ही नेमकं काय बोलायचात?' मी सांगितलं. घड्याळवाल्याचं सांगितलं, गादीवालीचं सांगितलं. घेराव घालून ऐकत होते. बोलता बोलता कळलं, आवाज मलाही आहे.

'आणि हे फोटो तयार कुणी केले?' — 'मी.' — 'कशावर?' — 'फुकट्यावर!'

लेक शेजारी येऊन उभी होती कधीची. माझ्या हातातला ग्लासांचा ट्रे तिने घेतला.

२२ एप्रिल

गॅलरीवाल्या बाईंचा फोन. पत्रक नव्याने छापताहेत. माझं नाव घालून. ह्याच्या नावाच्या खाली नाही, शेजारी. तेवढ्याच आकारात. मी अक्षरांचा आकार पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

ह्याला वाचून दाखवलं. मोठ्याने, सावकाश. म्हटलं, 'पटत असेल तर मान हलव.' भिंतीकडे बघत बसला. बस! आता तुझ्या मानेने काही अडत नाही. माउस डावीकडे ठेवला, त्याच्या हाताशी. घे, बापड्या. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं.

३ मे

मासिकाचा फोटोग्राफर आला घरी. त्यांना माझ्यावर लिहायचंय, फोटो दोघांचा हवाय. लेक होती, शिकवणाऱ्या बाईही होत्या. मी ठेवणीतली साडी नेसले. खिडकीपाशी ह्याची खुर्ची, शेजारी मी, ताठ, हात खुर्चीच्या पाठीवर. फोटोग्राफर म्हणाला, 'मॅडम, मधोमध तुम्हीच. छान.' कॅमेरा डोळ्याला लावला.

ह्याच्या तोंडातून शब्द आला. पहिला. पूर्ण, खणखणीत, जुन्या आवाजात.

'सरक.'

बाईंनी टाळ्या वाजवल्या, लेक ह्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. तोवर मी सरकले होते.